‘बांगड्या भर’ म्हणण्याआधी

प्रिय मित्रा,

रविवारी तुझ्या पोरांचा कबड्डीचा सराव पाहिला. पोरं छान तयार झालीत. उजव्या कोपऱ्यातला तो बारक्या घोटापकड अशी करतो की बघत राहावं. पण एकदा पकड सुटली आणि तू ओरडलास, "बांगड्या भर आता!" पोरं खदखदली. अर्ध्या तासाने त्यांनाच गोल करून बसवलंस आणि स्त्रियांच्या आदरावर बोललास. बोललास चांगलं. पण घरी जाताना त्यांच्या डोक्यात काय राहिलं असेल, तूच सांग.

घरातल्या मारहाणीच्या विषयाला सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं होतंस. मारहाणीपासून करू नकोस. बायकोला मारणं वाईट, हे कुठलंही पोरगं पाढ्यासारखं म्हणून दाखवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) हेच जरा खोदून विचारलं होतं. न सांगता बाहेर गेली तर? उलट बोलली तर? स्वयंपाक बिघडला तर? अशी सात कारणं. त्यांतल्या निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारलं तर योग्यच, असं देशातले सुमारे 44 टक्के पुरुष म्हणाले, आणि बायका 45 टक्के. (मला हा दुसरा आकडा जास्त टोचतो.) खरी गोची "मारू नये, पण..." यातल्या ‘पण’मध्ये आहे. पोरांना तो ‘पण’ बोलू दे. लगेच झापू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तुला हवं तेच बोलतील.

सोळा-सतराच्या वयात हा ‘पण’ मोबाइलमध्ये सापडतो. तिचा पासवर्ड मागायचा, उत्तर यायला दहा मिनिटं लागली की वीस फोन, "तो डीपी काढ". याला ते काळजी म्हणतात. त्यांना सांग, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नुसत्या मारापुरता नाही. अपमान, धमक्या, पैसे अडवून धरणं हेही त्यात येतं. बहिणीवर हात उगारणारा भाऊसुद्धा त्यातून सुटत नाही. आणि जेवल्यावर तुमचं ताट कोण उचलतं, हे विचारून बघ. सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

आता मला फार उशिरा कळलेली गोष्ट. मी शिकवत असताना एका मुलाने सांगितलं, बाबा आईला मारतात. मी तावातावाने वडिलांना बोलावून घेतलं, चांगलं सुनावलं. त्या रात्री त्या माउलीला दुप्पट मार पडला. पोरगं माझ्याशी पुन्हा कधी बोललं नाही.

तुझ्याकडेही कुणीतरी बोलेल. तेव्हा बापाच्या अंगावर जाऊ नकोस. "कुणाला सांगणार नाही" असा शब्दही देऊ नकोस, तो पाळता येत नाही. ऐकून घे. त्याच्या आईला काय हवंय ते एखाद्या जाणत्या बाईमार्फत समजून घे. मदतीचे फोन नंबर पाठ ठेव: महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, जिवावर बेतलं तर थेट 112. आपल्या भागातले संरक्षण अधिकारी (त्याच कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेले) कोण, त्यांचा नंबर याच आठवड्यात शोधून ठेव.

मंडळातले म्हणतील, खेळ शिकवणाऱ्याला या भानगडी कशाला? मुंबईत ‘परिवर्तन’ उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनीच पोरांशी हे विषय काढले होते. बापाचं न ऐकणारं पोर सरांचं ऐकतं, हे तुला मी काय सांगू.

बुधवारी पुन्हा येतो. बारक्याची पकड सुटली की तू काय ओरडतोस, ते ऐकायचंय.

तुझा,
सर