वाचकांचे प्रश्न: आपल्या मनाची लिव्हरी

प्रश्न: १/१४४ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या १४४ पट लहान, एअरबस ए३२० या प्रवासी विमानाचं मॉडेल बनवतोय. किटच्या डब्यातली एअरलाइन नकोय, माझी स्वतःची काल्पनिक लिव्हरी (विमानाची रंगसंगती) द्यायचीय. बॉडी पांढरी, शेपूट निळं आणि मधून तिरका पिवळा पट्टा. एअरब्रश (हवेने रंग फवारायचं पेन) आहे, मास्किंग टेपही चांगल्यातली आहे, तरी टेप काढली की पिवळ्यात निळा झिरपलेला असतो. आणि डाव्या-उजव्या बाजूचा पट्टा वर पाठीवर जुळतच नाही.

उत्तर: टेपचा दोष कमी आहे, रंग कुठल्या क्रमाने मारायचे ते आधी कागदावर ठरवा. फिका आधी, गडद नंतर. म्हणजे सगळं पांढरं, मग जिथे पांढरंच राहायचंय तेवढं झाका आणि ते शेवटपर्यंत उघडायचं नाही. मग पिवळा मारायचा, पट्ट्यापुरता नाही, थोडा निळ्याच्या हद्दीत घुसू दे. तो सुकला की पट्टा झाका आणि निळा मारा. पिवळ्याखाली पांढरा प्रायमरच (रंगाआधीचा अस्तराचा थर) हवा बरं का, ग्रे प्रायमरवर पिवळा मळकट हिरवट दिसतो आणि मग तो झाकायला तुम्ही थरावर थर चढवत बसता.

झिरपण्यावर उपाय साधा आहे. निळा मारायच्या आधी टेपच्या कडेवर पिवळ्याचाच एक हलका हात मारा. फटीत जे काही शिरायचंय ते पिवळं शिरेल, पिवळ्यात पिवळं, कुणाला दिसणारे? फट बंद झाली की वरून निळा. क्लिअर ग्लॉसनेही (पारदर्शक चकचकीत वार्निश) हेच काम होतं. निळा मात्र पातळ पातळ थरांत आणि कडेवरून टेपकडून बाहेरच्या दिशेने, टेपच्या पोटात हवा घुसेल असा उलटा नाही. टेप काढताना मागे दुमडून, जवळजवळ पृष्ठभागाला चिकटूनच हळूहळू ओढायची, सरळ वर उचकटायची नाही. कडेला रंगाची बारीक वळकटी राहिलीच तर पूर्ण सुकल्यावर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अलगद फिरवा. आणि हाताला सुकलं म्हणजे आतून सुकलं असं नसतं, इनॅमल रंगाचा वास येतोय तोवर त्यावर टेप लावूच नका.

आता जुळणीचं. खऱ्या ए३२० च्या बॉडीचा व्यास ३.९५ मीटर, तुमच्याकडे तो २७ मिमीच्या आसपास, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही पाठीवर उठून दिसते. बाजूने काढलेल्या चित्रातली सरळ रेघ गोल बॉडीवर गुंडाळली की वाकते, म्हणून चित्रावरून टेप कापू नका. पट्टा जिथे येणारे तिथे बॉडीभोवती टेपचा एक तुकडा गुंडाळा, मॉडेलवरच पेन्सिलने कड आखा, मग टेप काढून काचेवर सपाट चिकटवा आणि नव्या ब्लेडने कापा. दुसऱ्या बाजूसाठी तोच आकार उलटा करून कापायचा, तसाच लावला तर पट्टा एका बाजूला पुढे झुकतो आणि दुसऱ्या बाजूला मागे. पाठीवरचा आणि पोटावरचा जोड आधी खूण करून ठेवा.

प्रश्न: घरच्या इंकजेट प्रिंटरवर लोगोचे डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चित्रं) छापले, पण गडद शेपटीवर लावल्यावर रंगच गायब झाले. शिवाय कडेला चंदेरी झाक येते.

उत्तर: घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते आणि बाकीच्या शाया पारदर्शक असतात, त्यामुळे निळ्यावर पिवळा लोगो चिकटवला की खालचा निळाच जिंकतो. एकतर पांढऱ्या बेसचा डिकल पेपर घ्या आणि लोगोच्या अगदी कडेवरून कापा, नाहीतर शेपटीवर लोगोच्या आकाराचा पांढरा भाग मास्क करून (टेपने झाकून) आधीच ठेवा आणि त्यावर पारदर्शक डिकल बसवा. मला दुसरा मार्ग आवडतो, मेहनत जास्त पण कड दिसत नाही. छापल्यावर क्लिअरचे दोन-तीन हलके हात मारल्याशिवाय पाण्यात बुडवायचं नाही, शाई पसरते. चंदेरी झाक म्हणजे डिकलखाली अडकलेली हवा, खडबडीत मॅट रंगावर ती हमखास अडकते. आधी ग्लॉस, मग डिकल, आणि मॅट फिनिश हवाच असेल तर तो सगळ्यात शेवटी.

प्रश्न: माझ्या १/७२ स्केलच्या स्पिटफायरला (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) काळे-पांढरे पट्टे द्यायचेत, किती रुंद? मित्र म्हणतो जरा वाकडे झाले तरी मॉडेल वाया गेलं.

उत्तर: हे पट्टे जून १९४४ च्या दोस्त राष्ट्रांच्या नॉर्मंडी (फ्रान्स) स्वारीसाठी, त्यांच्या सैन्याला आपलीच विमानं ओळखू यावीत म्हणून दिले होते. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच, म्हणजे तुमच्याकडे ६.३५ मिमी. तीन पांढरे, दोन काळे. सगळ्या पट्ट्यांची जागा आधी पांढरी करा आणि मग फक्त काळ्यांसाठी मास्किंग. मित्राला सांगा की ते पट्टे घाईघाईत मारलेले, बऱ्याच विमानांवर चक्क हाताने ब्रश घेऊन, त्यामुळे जुन्या फोटोत कडा वाकड्यातिकड्या दिसतात. तुमचे जरा हलले तर उलट खरेच वाटतील. काळा मात्र बाटलीतला निव्वळ काळा नको, एवढ्या छोट्या मॉडेलवर तो भडक दिसतो, थोडा ग्रे मिसळा.