नवीन जॅझ ऐकायचंय, सुरुवात कोणत्या अल्बमपासून करू?

चार्ल्स लॉइडच्या 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो'पासून करा. मार्च 2024 मध्ये ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीनं काढला, अगदी लॉइडच्या 86व्या वाढदिवशी. या वयातला त्याचा सॅक्सोफोन घाई करत नाही, एखादा सूर नुसता हवेत सोडून देतो. पण खरी मजा साथीदारांत आहे. पियानोवर जेसन मोरान, बासवर लॅरी ग्रेनेडियर आणि ड्रमवर ब्रायन ब्लेड. ब्लेडकडे खास कान द्या. ताल धरून ठेवण्यापेक्षा तो बाकीच्यांशी बोलतो.

मग अँब्रोस अकिनमुसिरेचा 'आऊल साँग' (2023). त्याचा स्वतःचा ट्रम्पेट, बिल फ्रिझेलची गिटार, हर्लिन रायलीचे ड्रम, बस्स. ना पियानो, ना बास. त्यामुळे मोकळी जागा भरपूर, आणि तीच ऐकायची.

पियानोवादक विजय अय्यरचा 'कम्पॅशन' (2024) जरा अवघड आहे, तो नंतर घ्या.

पुढचे अल्बम शोधताना मुखपृष्ठावरच्या नावापेक्षा साथीदारांची नावं बघा. जॅझमध्ये आजचा साथीदार उद्या स्वतःचा अल्बम काढतो. आवडलेल्या ड्रमरचा माग काढलात की वर्षभराची सोय झालीच म्हणा!