निवडणुकीच्या निकालाने मन खचले असता ख्रिस्ती माणसाने देशासाठी प्रार्थना कशी करावी?

प्रथम बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातील पत्र वाचावे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलास (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांची 2 वर्षांत सुटका होईल, असे हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता. यिर्मयाने मात्र 70 वर्षांची मुदत सांगून, घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात तुम्हाला बंदिवान करून नेले त्याच्याच हितासाठी परमेश्वराची प्रार्थना करा, असे कळवले. शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना!

तरीही राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना केल्याने त्यांच्या अन्यायाला संमती मिळत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. याच यिर्मयाने मजुरी न देता महाल बांधणाऱ्या यहोयाकीम राजाला खडसावले होते. म्हणून रविवारच्या उपासनेत मंत्र्यांसोबतच आपल्या मंडळीतील मजुरी थकलेल्यांचीही नावे घ्यावीत आणि सोमवारी त्यांच्याबरोबर अर्ज घेऊन कचेरीत जावे.