वापरलेली हार्ड डिस्क: नुसतं ‘गुड’ बघून घेऊ नका

४ टीबीची वापरलेली डिस्क मिळतेय, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) निळ्या रंगात ‘गुड’ दाखवतंय, तर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. मीही एवढंच बघून घेतली होती.

घरी आणली, क्विक फॉरमॅट मारलं आणि मुलीच्या लहानपणचे सगळे फोटो जुन्या डिस्कवरून कट करून नव्यावर पेस्ट केले. कॉपी नाही, कट! क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची यादी नव्याने मांडतं, बाकीची डिस्क तपासतच नाही. आणि खराब सेक्टर (डिस्कवरचा माहिती साठवायचा छोटा कप्पा) वाचायची वेळ येईपर्यंत मोजणीत येत नाही, म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फोतले आकडे स्वच्छ होते. तीन आठवड्यांनी एक फोल्डर उघडताना डिस्क कटकट वाजत अडकली. क्रिस्टलडिस्कइन्फोत सी५ च्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या, संशयित सेक्टरांच्या मोजणीत, १८ दिसलं. तेही हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायची पद्धत), म्हणजे खरे २४. आजही त्यातले कितीतरी फोटो अर्धेच उघडतात, खाली नुसता करडा पट्टा.

वॉरंटी शिल्लक होती. सेवा केंद्र म्हणालं, ही डिस्क तयार कॉम्प्युटरसोबत विकलेली, त्या कॉम्प्युटरच्या कंपनीकडे विचारा. तिकडे मूळ बिल मागितलं. चार खेपा घातल्या, हाती काही नाही. म्हणून सीरियल नंबरवरून वॉरंटी कोणाच्या नावावर आहे ते आधीच बघा.

मी काही तज्ज्ञ नाही, पण माझं मत ठाम आहे: परत करायची मुदत लेखी मिळत नसेल तर घेऊच नका. मिळाली तर त्या मुदतीतच पूर्ण फॉरमॅट करा (यात सगळ्या डिस्कवर लिहिलं जातं, ४ टीबीला सात-आठ तास सहज लागतात), मग एक्सटेंडेड टेस्ट, म्हणजे डिस्कने स्वतःची सगळी जागा तपासायची चाचणी. ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर), सी५ आणि सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) यांचे आकडे आधी आणि नंतर लिहून ठेवा. पूर्ण लिहिल्यावर सी५ शून्य होऊन ०५ वाढलेला दिसला, तर डिस्क परत. सी७ (डिस्क आणि कॉम्प्युटरमधल्या देवाणघेवाणीतल्या चुका) वाढला तर मात्र आधी केबल बदलून बघा.

३०,००० तास चाललेली, पण शून्य खराब सेक्टरांची डिस्क मला चालेल. जुन्या तारखेची असून १४ तास दाखवणारी नको, कारण स्मार्टचे (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीचे) आकडे पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला सीगेट कंपनीच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा खरे तास फार्म लॉगमध्ये (सीगेटच्या डिस्कमधली वेगळी नोंद) सापडले. तुमची सीगेट असेल तर स्मार्टसीटीएल या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रामने तो लॉग बघा.

आणि घेतलीच, तरी तिच्यावर फक्त दुसरी प्रत ठेवा. मूळ फोटो जिथे आहेत तिथेच राहू द्या.