भंगारातला बैल

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. जुन्या लोखंडातून शिल्पं घडवणाऱ्या त्या कलाकारावर तू पुरती भाळली आहेस. खुशाल भाळ. फक्त नेमकी कशावर, ते एकदा तपासून बघ.

स्पार्क प्लगचा मुंगळा, पान्याची चोच, बेअरिंगचे डोळे. लोक जवळ येतात, 'अरे, हा तर पाना!' म्हणतात आणि खूश होऊन पुढे जातात. कोडं सुटलं की परत कोण बघतंय? (असे दोनेक डझन मुंगळे मीही विकलेत. वर्कशॉपचं वीजबिल त्यांनीच भरलं, तेव्हा नाक मुरडत नाही.)

पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं मुंडकं केलं. वस्तू दोनच. पण बैल दिसला म्हणून सायकल पुसली जात नाही, ती दिसतच राहते. तू केलेल्या कोंबड्यात मात्र चौदा तुकडे मोजले मी, आणि त्यातले निम्मे नुसती भरती आहेत.

तू ज्याच्याकडून शिकावंस असं मला वाटतं, तो डेव्हिड स्मिथ. हा अमेरिकन शिल्पकार तरुणपणी स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात कामाला होता, म्हणजे धातूशी ओळख हातातून झालेली. १९६२ साली इटलीतल्या स्पोलेतोच्या महोत्सवासाठी त्याला बोलावलं आणि जिनोव्हाजवळ वोल्त्री इथला बंद पडलेला कारखाना वापरायला दिला. एक-दोन शिल्पांची अपेक्षा होती, त्यानं ३० दिवसांत २७ केली! तिथं पडलेल्या सांडशा, चाकं, पत्र्याचे कातरलेले तुकडे, सगळं कामाला आलं. त्यातलं 'वोल्त्री ७' बघ: दोन चाकांवर आडवा दांडा, त्यावर उभे लोखंडी आकार. रथ म्हणावा तर घोडे नाहीत, गाडा म्हणावा तर माल नाही. चाक चाकच राहिलंय, त्याला कुणाचा डोळा व्हावं लागलेलं नाही. परतताना त्यानं तिथली अवजारं जहाजानं घरी नेली आणि त्यांतून आणखी एक मालिका केली. माझी असूया त्या २७ आकड्यावर नाही, ते सामान घरी नेण्यावर आहे.

दोन गोष्टी कामाच्या. भंगारवाल्याकडून आणलेलं लगेच कापू नकोस. आठवडाभर येता-जाता पायात येऊ दे. आणि गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप वेल्ड करायचा तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढ आणि दारं उघडी ठेव. त्या धुरानं थंडी वाजून ताप भरतो. मी एक रात्र कुडकुडत काढली आहे.

आजीच्या विळीचं पातं कापून पंख करणार आहेस म्हणतेस. थांब. फोटोत ते मधोमध झिजून आत गेलेलं दिसतंय. इतकी वर्षं धार लावून आलेला तो बाक ग्राइंडरनं तुला साधणार नाही. रविवारी येताना विळी तशीच घेऊन ये, पाटासकट. वाटेत पात्याला फडकं गुंडाळ.

तुझा,
काका