जर्मनीला नर्स म्हणून यायचंय ना, आधी भाषा पक्की कर

अगं, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालास, दोन वर्षं आयसीयूत काढलीस, पाया चांगलाय तुझा. पण एजंट शोधायच्या आधी जर्मनचा क्लास लाव. बी१ या मधल्या भाषा-पातळीवर व्हिसाचं काम होतं पण नर्स म्हणून पूर्ण मान्यता, म्हणजे आपलं शिक्षण इथे ग्राह्य धरलं जाणं, हवी तर साधारण त्याच्या वरची बी२ लागतेच, आणि ड्युटी सांभाळून शून्यापासून तिथवर यायला दीड वर्ष तरी धर. मी घाई करून बी१ वरच आले आणि पहिल्याच आठवड्यात एक आजी तिच्या बोलीत काहीतरी मागत होती, मी पाणी दिलं, उशी नीट केली, तिला हवी होती कवळी, बिचारी रडायलाच लागली, तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

आणि इथे पेशंटला अंघोळ घालणं, दात घासून देणं, भरवणं हे सगळं नर्सचंच काम, आपल्याकडे नातेवाईक नाहीतर मावशी करतात, त्यामुळे मनाची तयारी आधीच कर. मान्यता मिळेपर्यंत बऱ्याचदा असिस्टंटचाच पगार असतो.

एजंट ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेत असेल तर सरळ उठून ये गं. केरळच्या कितीतरी मुली ट्रिपल विन या सरकारी योजनेतून आल्यात, भाषेच्या कोर्सचा खर्चही त्यांच्या अंगावर नाही पडला. करारात 'मध्येच सोडलं तर इतके युरो परत' असं कलम आहे का ते सही करायच्या आधी बघ.

मान्यतेसाठी कॉलेजकडे विषयवार तासांसकट ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे काय काय शिकलीस त्याच्या अधिकृत नोंदीचा, अर्ज मात्र याच आठवड्यात टाक, मला त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.