फ्लायव्हीलमध्ये (इंजिनचं जड चाक) क्लचच्या प्रेशर प्लेटचा बोल्ट तुटलाय?

आधी हातोडा खाली ठेव. नवी मुंबईत वाशी-ऐरोलीकडची खाडीची हवा, गंज धरणारच. तुकडा बाहेर डोकावत असेल तर बॅटरी सोडून त्यावर नट वेल्ड करून घे. तापल्यामुळे गंज सुटतो. थोडं निवलं की पान्याने फिरव.

आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मार, नाहीतर ड्रिलचं बिट सरकून फ्लायव्हीलचे आटे खातं. भोक आधी ३ मिमीचं पाड, मग ५ चं. उलट्या फिरकीचं बिट मिळालं तर उत्तम, बऱ्याचदा तुकडा त्यालाच अडकून बाहेर येतो. इझी-आउटवर (भोकात घालून तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) जोर नकोच: तो कडक पोलादाचा, आत मोडला तर साधं बिट त्याला चाटतही नाही.

मग आटे टॅपने (आटे पाडायचं हत्यार) साफ कर, फ्लायव्हीलवरचं तेल ब्रेक क्लीनरने पूस (तेलाने क्लच घसरतो), बोल्ट नवेच लाव.